शेजारपेशीचा स्पर्श आणि वाढीला लगाम

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोमध्ये माशांच्या सेल लाइनचे राष्ट्रीय भांडार आहे. भांड्याच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या आवरणपेशी परस्परांना भिडल्या आणि सलग थर तयार झाला, की सामान्यतः त्यांचे विभाजन मंदावते. विषाणू तपासताना याच थराला पडणारी भोके पाहिली जातात. लगतच्या पेशींना सांधणारे कॅडहेरिन हे प्रथिन स्पर्शाची वार्ता आत पोहोचवते. हिप्पो नावाचा संदेशमार्ग कार्यान्वित होतो आणि वाढीची जनुके चालू करणारे यॅप प्रथिन केंद्रकाबाहेर अडवले जाते. कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवर अवलंबून असते. म्हणूनच पेशी सुट्या करताना ट्रिप्सिनसोबत कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए वापरतात. नव्या भांड्यात जागा मिळताच त्या पुन्हा वाढू लागतात.

जाळ्याने खरवडलेल्या माशाच्या त्वचेतही हेच घडते : शेजार तुटलेल्या कडेच्या पेशी सरकून जखम झाकतात. तळ्यात अमोनिया दीर्घकाळ राहिला तर मात्र कल्ल्यांच्या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात, पातळ पटलिका एकमेकींना चिकटतात आणि प्राणवायू शोषणारे क्षेत्र घटते. असा मासा पाण्यात पुरेसा प्राणवायू असूनही पृष्ठभागावर धापा टाकतो. अशा वेळी केवळ एअरेटर लावून थांबू नये; सामू व अमोनिया मोजावा, खाद्य घटवावे आणि काही पाणी बदलावे.