तीन मिनिटांची ठुमरी आणि दीर्घ मुद्रिका

वाराणसीत केदार घाट आणि दशाश्वमेध घाट यांच्या दरम्यान राजा घाट आहे. अमृतराव पेशवे यांनी त्याची दगडी बांधणी केली, म्हणून पूर्वी तो अमृतराव घाट या नावानेही ओळखला जाई. मराठी माणसाला काशीचे घाट ठाऊक असतात ते तीर्थक्षेत्र म्हणून. परंतु या पायऱ्यांसमोरचे नदीचे पात्र हे एके काळी गायनाचे रंगपीठही होते. होळीनंतर येणाऱ्या ‘बुढवा मंगल’ या उत्सवात शृंगारलेल्या नौका गंगेत सोडल्या जात आणि त्यांवर काशीच्या नामवंत गायिका रात्रभर ठुमरी, होरी व चैती गात. त्या गाण्याला घड्याळाची मर्यादा नव्हती. पुढे जेव्हा ती पडली, तेव्हा गाण्याचे काय झाले आणि ती सैल झाल्यावर कोणाला काय मिळाले, हे ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासावरून समजते.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास भारतीय गायनाचे ध्वनिमुद्रण सुरू केले. त्या वेळी गायिलेल्या कलावतींत गौहरजान अग्रणी होत्या. त्यांच्या बालपणाचा काही काळ काशीतच गेला होता. तबकड्या जर्मनीत छापल्या जात. तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी म्हणून गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांचे गाणे मावे. ही तबकडी ज्या लाखेपासून बनविली जाई तिच्या व्यापाराचे एक मोठे केंद्र काशीच्या शेजारचे मिर्झापूर हे होते. जगभरच्या तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातूनच जात असे. योगायोग असा की, ठुमरीच्या श्रेष्ठ गायिका रसूलनबाई यांचा जन्म याच मिर्झापूरच्या परिसरात आणि याच १९०२ साली झाला.

तीन मिनिटांची ही चौकट ठुमरीला का जाचक ठरली, हे समजण्यासाठी ठुमरीची घडण पाहिली पाहिजे. बनारसी ठुमरीत शब्द थोडे असतात. चौदा मात्रांच्या दीपचंदीत किंवा सोळा मात्रांच्या जत तालात, ठाय लयीत, गायिका एकच बोल पुनःपुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी त्याला निराळी स्वरवाट देते. तोच शब्द एकदा विनवणी होतो, एकदा रुसवा, तर एकदा उपहास. यालाच ‘बोल-बनाव’ म्हणतात. अर्थाचे असे अनेक पदर उलगडून झाले की तबलजी लय वाढवून लग्गी सुरू करतो. गायिका मुखडा धरून ठेवते, ठेका उसळ्या घेतो, आणि अखेरीस दोघेही मूळच्या संथ लयीवर परत येतात. दीर्घ काळ साचलेला भाव लग्गीत मोकळा होतो. म्हणून तिच्या आधीचा विलंब हा ठुमरीचा अलंकार नसून तिचा पायाच होय.

तबकडीसाठी गाताना हा विलंबच प्रथम कापला गेला. मुखडा, दोन-चार बनाव, घाईने उरकलेला अंतरा आणि नावापुरती लग्गी, असे ठुमरीचे संक्षिप्त रूप सिद्ध झाले. मात्र या संक्षेपाला केवळ हानी म्हणणे न्याय्य होणार नाही. वेळ थोडा असल्यामुळे कलावंताला आपल्या भांडारातील उत्तम तेवढेच निवडावे लागे. अब्दुल करीम खाँ यांनी गायिलेली झिंझोटीतील ठुमरी तबकडीवरूनच ऐकून भीमसेन जोशी यांनी १९३३ साली गुरूच्या शोधार्थ घर सोडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तीन मिनिटांचे सामर्थ्य किती होते, याची यावरून कल्पना येते.

१९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण आले. तोपर्यंत कर्ण्यात मोठ्याने गावे लागे. आता मायक्रोफोनपुढे कुजबुजही टिपली जाऊ लागली. अमेरिकेत या सोयीतून गायकांची एक नवी पिढीच घडली. फ्रँक सिनात्रा (१९१५–१९९८) हे तिचे सर्वांत ख्यातनाम प्रतिनिधी होत. मोठ्या वाद्यवृंदासमोर उभे राहूनही श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखे गाणे, शब्दांचे वजन सांभाळणे आणि ओळ श्वासाने तुटू न देणे, ही त्यांची वैशिष्ट्ये होती. त्यांच्या गाण्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार होते. एक, संथ लयीतील भावगीत, ज्याला तिकडे ‘बॅलड’ म्हणतात. आणि दुसरा, झुलत्या, चालत्या ठेक्यातील ‘स्विंग’.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ मुद्रिका, म्हणजे ‘लाँग प्ले’, बाजारात आणली. लाखेऐवजी व्हिनाइल हे कृत्रिम द्रव्य वापरल्याने आणि खाचा अधिक बारीक केल्याने एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. त्यापूर्वी ‘आल्बम’ हा शब्द सुट्या तबकड्या ठेवण्याच्या पुस्तकवजा पिशवीस लावला जाई. आता तो एका सलग रचनेचा वाचक झाला. सिनात्रा यांची १९५५ ची ‘इन द वी स्मॉल अवर्स’ ही मुद्रिका याचा उत्तम नमुना आहे. तिच्यातील सोळाही गाणी संथ आहेत आणि सर्वांचा विषय रात्रीचे एकाकीपण व गमावलेले प्रेम हाच आहे. नेल्सन रिडल यांनी वाद्ययोजना जाणीवपूर्वक विरळ ठेवली. गाणी निरनिराळ्या रचनाकारांची असली, तरी ती एकापाठोपाठ ऐकताना एकच भाव गडद होत जातो. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स’ ही खेळकर लयीची मुद्रिका काढली. संथ गाणी एका मुद्रिकेवर आणि चपळ गाणी दुसऱ्या मुद्रिकेवर, अशी ही वाटणी होती.

येथे ठुमरीचा वेगळेपणा ध्यानात येतो. सिनात्रा यांनी जे दोन मुद्रिकांत विभागले, ते ठुमरी एकाच रचनेच्या पोटात सामावते. विलंबित बोल-बनाव आणि द्रुत लग्गी यांचा तीत सांधा असतो. त्यामुळे सिनात्रा यांना दीर्घ मुद्रिकेने स्वतंत्र गाणी एका सूत्रात ओवण्याची सोय दिली, तर ठुमरीला तिने तिचा हिरावला गेलेला अवकाश परत दिला. एकच ठुमरी सावकाश उलगडून, लग्गी रंगवून पूर्ण करण्याइतकी जागा आता तबकडीवर होती.

परंतु हा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. १९५५ ची मुद्रिका निघाली तेव्हा सिनात्रा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचा आवाज भरात असतानाच नवे तंत्र त्यांच्या हाती आले. भारतात दीर्घ मुद्रिका रुळेपर्यंत १९६० चे दशक उजाडले. त्या वेळी गिरिजा देवी (१९२९–२०१७) तिशीत होत्या. पुढे अनेक दशके त्यांनी विस्ताराने गायिलेली ठुमरी, कजरी व चैती ध्वनिमुद्रित होत राहिली. सिद्धेश्वरी देवी (१९०८–१९७७) यांनी पन्नाशी ओलांडली होती. दीर्घ मुद्रिकेवरील त्यांच्या गाण्यात चिंतनाची खोली आहे, पण तारुण्यातला त्यांचा आवाज जुन्या तबकड्यांतच शोधावा लागतो. रसूलनबाई तर साठीच्या घरात होत्या. आकाशवाणीमुळे त्यांचे काही गायन टिकले. तरी त्यांच्या ऐन उमेदीच्या गाण्याचा पुरावा म्हणून हाती उरतात त्या मुख्यतः तीन-तीन मिनिटांच्या तबकड्याच. १९६९ च्या दंगलीत अहमदाबाद येथील त्यांचे घर जळाले आणि १९७४ साली त्यांचे निधन झाले.

आज संगणकाच्या साहाय्याने ही सर्व ध्वनिमुद्रणे एकाच यादीत शेजारी शेजारी मिळतात, आणि श्रोता त्यांची सरसकट तुलना करू लागतो. रसूलनबाईंची ठुमरी आटोपशीर आणि गिरिजा देवींची पसरट, असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. पहिली कंपनीच्या घड्याळाने बांधलेली आहे, दुसरी तशी नाही. जुनी तबकडी ऐकताना एखादा बनाव जेथे अकस्मात आवरता घेतलेला दिसतो, तेथे गायिकेची कल्पना संपलेली नसते. तबकडी संपत आलेली असते. ही जाणीव ठेवून त्या तबकड्या पुनःपुन्हा ऐकल्या, तर तीन मिनिटांत बसू न शकलेल्या गाण्याचा विस्तारही श्रोत्याला अदमासता येतो.