किल्ट उसवायचा की नवा घ्यायचा?

पँट कंबरेला घट्ट झाली तर आपल्याकडचा कोणताही टेलर मागची शिवण उसवून ती इंच-दीड इंच सैल करून देतो. शिवणीत तेवढी माया ठेवलेलीच असते. स्कॉटलंडच्या पुरुषांचा पारंपरिक पोशाख जो किल्ट, त्याच्या बाबतीत मात्र हे काम इतके सोपे नाही. तिथले मुसलमान तरुणही लग्नसमारंभात तो घालतात. २०१२ साली तर खास इस्लामी चौकडीचे टार्टन कापड निघाले. त्यातला निळा रंग स्कॉटलंडच्या झेंड्याचा, हिरवा इस्लामचा आणि पाच पांढऱ्या रेघा म्हणजे इस्लामचे पाच अरकान. हाताने शिवलेल्या चांगल्या किल्टला ५०० पौंडांहून अधिक पैसे पडतात. अशा महाग वस्त्राच्या मालकाचे वजन दहा-पंधरा किलोंनी वाढले किंवा उतरले, तर काय करावे? शिवणकामात असलेल्या आपल्या बांधवांनी हे समजून घेण्यासारखे आहे, कारण घाईने हात घातला तर ग्राहकाचे कापड आणि शिंप्याचे नाव, दोन्ही जाते.

आधी बांधणी पाहू. किल्ट म्हणजे शिवलेला घागरा नव्हे. तो कंबरेभोवती गुंडाळायचा असतो. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि पाठीमागे सगळ्या चुण्या असतात. पूर्ण किल्टला ८ वार लोकरी कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा वारभरच कमी! प्रत्यक्षात मोठ्या पन्ह्याचे ४ वार कापड घेऊन ते मधोमध लांबीत फाडतात व दोन्ही तुकडे जोडतात. चुण्या वरून नितंबापर्यंत टाके घालून पक्क्या केलेल्या असतात, त्याखाली त्या मोकळ्या सुटतात. आतून कॅनव्हास आणि अस्तर. उजव्या अंगाला सहसा दोन व डाव्या अंगाला एक असे चामडी पट्टे आणि बकले असतात.

वजनातला फरक थोडा असेल तर काम या बकलांवरच भागते. पट्ट्याला भोके असतात, त्यात इंचभर इकडे-तिकडे होते. त्याहून अधिक हवे असेल तर बकले उसवून सरकवावीत. मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच सरकवावीत. एकाच बाजूचे बकल दोन इंच हलवले तर पुढच्या पदराचा मध्य पोटाच्या मध्यावरून सरकतो आणि माणूस वाकडा उभा असल्यासारखा दिसतो. उजवीकडे एक इंच, डावीकडे एक इंच, असे एकूण दोन इंच सैल वा घट्ट झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. फार तर तीन-चार इंचांपर्यंत ओढाताण करता येते. त्यापुढे वजन उतरलेल्या माणसाचा पुढचा पदर पार पाठीमागे वळतो. वजन वाढलेल्याचा पदर आखूड पडून चुण्या पुढे येतात.

यापुढचे काम म्हणजे किल्ट पुन्हा बांधणे, आणि खरी मेख इथेच आहे. हिशेब करून पाहा. नितंबाचे माप ४० इंच असेल तर त्यातला निम्मा भाग, म्हणजे २० इंच, चुण्यांकडे जातो. चुण्या २६ असतील तर प्रत्येक चुणी बाहेरून पाऊण इंच दिसते. माप ४४ झाले तर चुण्यांकडे २२ इंच हवेत, म्हणजे प्रत्येक चुणीत सूतभरापेक्षाही कमी वाढ. ऐकायला किरकोळ वाटते. पण त्यासाठी सव्वीसही चुण्या उसवून पुन्हा हाताने टाकाव्या लागतात. शिवाय टार्टनची चौकडी पाठीवर अखंड दिसावी म्हणून चुण्या नेमक्या रेघेवर मोडलेल्या असतात. त्या हलल्या की रेघा चुकतात. नवा किल्ट हाताने शिवायला वीस तासांच्या आसपास लागतात, आणि उसवून पुन्हा शिवणे त्याहून फार स्वस्त पडत नाही.

त्यातच आणखी एक अडचण. कंबरेशी इतके कापड दुमडले की ते जाड होते, म्हणून बरेच कारागीर चुण्यांच्या वरच्या भागातले आतले कापड कापून टाकतात. यामुळे किल्ट पाठीला छान बसतो, पण कापलेले कापड परत येत नाही. अशा किल्टच्या चुण्या रुंद करायला जावे तर वरती कापडच अपुरे पडते. म्हणून दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी अस्तराची कड थोडी उसवून आत हात घालावा. चुण्यांचे वरचे टोक खालच्या भागापेक्षा पातळ लागले तर समजावे की कापड गेलेले आहे, आणि ग्राहकाला तसे साफ सांगावे. हे सांगायचे टाळून मजुरी घेणे हा व्यापार नव्हे.

लांबीचा प्रश्न याहून अवघड. किल्टला खाली दुमड नसते. कापडाचा विणलेला काठच खालची कड म्हणून ठेवतात. त्यामुळे खालून सोडायला काही नसते. किल्ट पँटसारखा पोटाखाली नव्हे, तर बेंबीच्या पातळीवर बसतो आणि गुडघ्याच्या मध्यावर संपतो. पोट सुटले की पुढची बाजू उचलली जाऊन गुडघे उघडे पडतात. वजन उतरले की सैल किल्ट खाली घसरतो. आपल्या दृष्टीने ही निव्वळ शोभेची बाब नाही. पुरुषाचे सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत आहे आणि हनफी मसलकात गुडघाही त्यात मोडतो. मसला आलिमांनी सांगावा, आम्ही शिलाईपुरते बोलतो. पण ज्याला नमाजही त्याच कपड्यात पढायची आहे त्याने बसून, वाकून माप पाहावे व आत लांब सुरवार घालावी.

मग नवा कधी घ्यावा? आमचे मत असे की वजन चालू उतारावर किंवा चढावर असताना महाग लोकरी किल्ट शिवूही नये आणि जुना उसवूही नये. सहा महिने वजन एका जागी टिकू द्यावे. मधल्या काळात समारंभ आलाच तर स्कॉटलंडमध्ये किल्ट भाड्याने मिळतात. पॉलिस्टर-व्हिस्कोसचे, मशीनवर शिवलेले, कमी वारांचे किल्टही स्वस्तात मिळतात. पाकिस्तानातल्या सियालकोटमधून असा बराच माल परदेशी जातो. तो पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नाही, पण वर्षभराची गरज भागते. जुना किल्ट विकत घेताना तो सपाट पसरून कंबरेशी आणि नितंबाशी पदर व चुण्या वेगवेगळ्या मोजाव्यात. कसरीची भोके उजेडात धरून पाहावीत. पूर्वी बकले हलवल्याच्या खुणा शोधाव्यात.

ऑर्डर देताना सर्वांत मोठी चूक होते ती पँटचा नंबर कळवण्याची. पोट असलेला माणूस ३६ ची पँट घालतो, पण बेंबीवर तो ४० भरतो. स्वतः माप घेऊ नये, कारण खाली वाकले की टेप सरकतो. दुसऱ्याने घ्यावे, आणि अंगावरचा किल्ट तपासताना जमिनीवर गुडघे टेकून ताठ राहावे. कड जमिनीपासून इंचभर वर राहिली तर लांबी बरोबर. वजन पुन्हा बदलण्याचा संभव असेल तर चुण्यांचे आतले कापड कापू नये आणि पदराच्या कडेला माया ठेवावी, हे ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यावे. कंबरेशी किल्ट थोडा जाड बसेल, पण पुढच्या वेळी उसवणाऱ्याच्या हाती कापड तरी लागेल.