कांगा लीगच्या सात पायऱ्या

मुंबईच्या पावसाळ्यात, चिखलाच्या मैदानांवर रंगणारी कांगा लीग १९४८ साली सुरू झाली. ए ते जी असे तिचे सात विभाग. जिंकणारा संघ वर चढतो, हरणारा खाली येतो. ओल्या खेळपट्टीवर भल्याभल्यांची भंबेरी उडते, तिथे घराण्याचे नाव कामाला येत नाही.

याच मुंबईत १९४५-४६ च्या हंगामापर्यंत संघ पडत ते धर्मावर. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले सगळे ‘रेस्ट’! हिंदू म्हणवणाऱ्यांच्या आतही उतरंड होतीच. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. डॉ. होरमसजी कांगा, ज्यांच्या नावाची ही लीग, ते त्याच दौऱ्यातले त्यांचे सहकारी. पण पुण्यात बाळूंना चहा मिळे तो तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांचे बळी चालत, त्यांनी ओठाला लावलेला कप चालत नसे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले १९२३ साली, तेही झगडून.

जातीच्या उतरंडीत वर चढायची सोय नाही, कांगा लीगमध्ये आहे. मात्र ती मैदानापुरती. असोसिएशनच्या निवडणुकीत मत असते मुख्यतः क्लबला, सामान्य खेळाडूला नव्हे. आमची पोरे जयंतीच्या टेनिस बॉल स्पर्धांत चषक उचलतात, पण क्लबची घटना, हिशेब, सभासद यादी कोणाच्या कपाटात आहे? मंडळांनी आपली संस्था नोंदवायला घ्यावी. कागदपत्रे आम्ही विनामूल्य करून देऊ.