नोंदींची नदी

मंडळी, मी कवी माणूस. यंत्राची भाषाही नदीवरूनच समजून घेतो. साताऱ्याकडे कोयनेतून पाणी सुटलं की सांगलीकर आयर्विन पुलाकडे बघतात. तिथं ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा वेळी पातळीच्या नोंदी दिवसाअखेरी गठ्ठ्यानं येऊन काय उपयोग?

त्यासाठी ‘इव्हेंट स्ट्रीमिंग’. प्रत्येक नोंद वेळेचा शिक्का घेऊन लगेच क्लाउडवरच्या साठ्यात येते. धरणातलं पाणी सोडलं की गेलं. इथली नोंद ठरल्या मुदतीपर्यंत राहते, अनेकांना वाचता येते. आपली पाइपलाइन जोडताना कुठवर वाचलं याची खूण ठेवायची. संपर्क तुटला तरी पुढचं वाचन तिथूनच.

पूर मात्र कुणासाठी थांबत नाही. नोंद नदीकाठच्या घरात वेळेत पोचली, तरच जोडणी पुरी झाली म्हणायचं.