डीन्स बंधूंचं लाकडी घर

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात, रिकार्टन भागात, तीन खोल्यांचं एक लाकडी घर आहे. विल्यम आणि जॉन डीन्स या स्कॉटिश भावांनी ते १८४३ साली उभारलं. कँटरबरीच्या मैदानावर याहून जुनी इमारत आज शिल्लक नाही. शहर वसवणाऱ्यांची पहिली चार जहाजं आली १८५०च्या डिसेंबरात; तोवर हे भाऊ इथे शेती करत होते, गुरं राखत होते, चीज बनवून विकत होते.

पण जागा काही ओसाड नव्हती. माओरी तिला पुतारिंगामोतू म्हणत आणि दलदलीतल्या कहिकाटिया वृक्षांच्या या रानातून अन्न मिळवत. डीन्स बंधूंनी न्गाई ताहू या माओरी जमातीकडून १८४६ मध्ये जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. घराची गोष्ट सांगताना ही नोंद अनेकदा मागे पडते, ती पडू नये.

मला त्या घरापेक्षा त्याच्या शेजारचं रान मोठं वाटतं. कहिकाटियाचं लाकूड पांढरं आणि गंधहीन; त्याला कीड चटकन लागते, पण लोण्याला वास लागत नाही. त्यामुळे पुढे लोण्याच्या खोक्यांसाठी देशभर ही झाडं पडली. रिकार्टनचंही अर्धं रान शहर वसवणाऱ्या कँटरबरी असोसिएशनकडे गेलं आणि थोड्याच वर्षांत तुटून संपलं.

उरलेलं वाचलं ते जेनमुळे. विल्यम १८५१ मध्ये जहाज फुटून बुडाला. जॉन स्कॉटलंडला गेला, जेन मॅकइलरेथशी लग्न करून १८५३ साली तिला याच घरात घेऊन आला, आणि पुढच्या वर्षी क्षयानं गेला. परका मुलुख, पदरी तान्हा मुलगा. रान राखावं, ही नवऱ्याची अखेरची इच्छा. १८५६ मध्ये ती जवळच्या नव्या घरात राहायला गेली, पण झाडांना तिनं कुऱ्हाड लागू दिली नाही. लाकडाला गिऱ्हाईक असलेल्या गावात एका विधवेनं हे केलं, याचं मोल मला फार वाटतं. जेन १९११ मध्ये वारली. १९१४ मध्ये डीन्स कुटुंबानं रान क्राइस्टचर्चच्या लोकांना दिलं.

त्यातली काही झाडं सहाशे वर्षांची आहेत. उंदीर आणि पोसम आत शिरू नयेत म्हणून भोवती कुंपण घातलं आहे. घर मूळ जागेवरून हलवलेलं असलं, तरी आहे त्याच परिसरात. तिथं जाणाऱ्यानं आधी रानात फिरून यावं. जुनी घरं देशात इतरत्रही दिसतील, असं रान या मैदानात दुसरं उरलेलं नाही.