‘आपल्याकडं असंच असतंय!’



गावात कोणालाही सहज विचारून पाहा, “पाचट का पेटवलं?” उत्तर ठरलेले असते, “आपल्याकडं असंच असतंय!” उसाला एवढे पाणी का? “असंच असतंय.” शेंडा ठेवूनच मोळी का बांधली? “सगळेच बांधतात की!” या एका वाक्यात पुढचे सगळे प्रश्न मिटतात. ज्याने विचारले तोही गप्प आणि ज्याने सांगितले तोही मोकळा. या वाक्यामागे जी गोष्ट दडलेली असते तिला पुस्तकी भाषेत गृहीतक म्हणतात. आपण साधे ‘समजूत’ म्हणू. शेतात, घरात आणि धंद्यात समजुती आपल्याकडून काय करवून घेतात, त्यांची किंमत कोण मोजतो, याचा थोडा विचार या अंकात करावा असे आम्हांस वाटले.

समजूत म्हणजे अडाणीपणा, असे मात्र कोणी मानू नये. रोज सकाळी उठून प्रत्येक गोष्ट नव्याने तपासायची म्हटले तर माणसाचा संसारच चालणार नाही. बैल वळणावर आपोआप वळतो तसे आपले मन ओळखीच्या वाटेने जाते, आणि ते बरेच असते. बहुतेक समजुती कधी काळी कोणाच्या तरी अनुभवातूनच आलेल्या असतात. अडचण एवढीच, की अनुभव ज्या काळातला होता तो काळ निघून जातो आणि समजूत मागे राहते.

“शेतकऱ्याला कारखाना चालवता येईल व्हय?”

आपला स्वतःचा इतिहासच पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास साखर कारखाना म्हणजे भांडवलवाल्याचा, हे सर्वांनी धरूनच ठेवले होते. शेतकऱ्याने ऊस पिकवावा, गूळ करावा, नाहीतर खाजगी कारखान्याच्या दारात गाडी लावावी. मशिनरी, बँक, हिशेब ही कामे त्याची नव्हेत, असे शहरातले शहाणे म्हणत. आणि खरी गंमत अशी की शेतकरीही तेच म्हणत असे! तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ही समजूत मानली नाही. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गावोगाव फिरून भागभांडवल गोळा झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला.

शेतकऱ्याची अक्कल काही एका रात्रीत वाढलेली नव्हती. ती आधीपासून होतीच, फक्त समजुतीच्या कुलपात बंद होती. आज आपण ज्या कारखान्याचे भागधारक म्हणवतो, तो अशाच एका मोडलेल्या समजुतीच्या पायावर उभा आहे. हे आपण विसरू नये.

बेण्याचेही तसेच. एके काळी को ४१९ म्हणजे उसाचा राजा होता. मग को ७४० आला आणि त्याने महाराष्ट्रात अनेक वर्षे राज्य केले. “सातशे चाळीससारखा ऊस होणे नाही,” हे वाक्य जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे १९९६ साली को ८६०३२ शिफारशीत आला आणि तेच वाक्य लोक त्याच्याबद्दल बोलू लागले. प्रत्येक पिढीला आपले बेणे शेवटचे वाटते. पण बेण्याला वय असते, रोग असतो. बेणे बदलले तरी समजूत तीच, फक्त तिच्यातला आकडा बदलतो.

जास्त पाणी, जास्त ऊस?

आता सर्वांत महागड्या समजुतीकडे येऊ. “उसाला पाणी कितीही द्या, तो घेतोच.” ही समजूत का पडली हे समजून घेतले पाहिजे. कालव्याची पाळी कधी येईल याचा भरवसा नव्हता. आलेले पाणी घ्या भरून, पुढची पाळी चुकली तर ऊस वाळायला नको, हा हिशेब त्या वेळी शहाणपणाचाच होता. पुढे विहिरी झाल्या, उपसा योजना झाल्या, मोटारीचे बटण हाताशी आले. पण हात मात्र अजून जुन्या पाळीच्या भीतीनेच चालतो.

जुने जाणते सांगत, पिकाला पाणी नव्हे, वाफसा लागतो. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात. भारी काळ्या रानात निचरा नसेल तर खालचे पाणी वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते आणि क्षार वर बसतात. रान पांढरे दिसू लागते, उगवण विरळ होते, टनेज घसरते. मग आपण म्हणतो, “बेणं खराब निघालं,” “खत बोगस होतं.” पाण्यावर मात्र संशय जात नाही, कारण पाणी चांगलेच असते ही समजूत पक्की.

हे आजचेही नव्हे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच नीरा, प्रवरा, गोदावरी कालव्यांच्या पट्ट्यांत पाणथळ आणि खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिला, चर काढण्याची कामे हाती घ्यावी लागली. पुढे कृष्णाकाठी सांगली, सातारा, कोल्हापूर भागांत तेच घडले. शंभर वर्षांचा अनुभव समोर असताना समजूत मात्र जागची हललेली नाही.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घराघरांत आयाबायांनी सांगितलेली आहे. राजाने गावचे सगळे दूध गोळा करून देवळात ओतले, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी लेकरा-वासरांना पाजले, उरलेले खुलभर दूध वाहिले आणि गाभारा भरला. राजाची समजूत होती, जास्त ओतले की भरते. आम्हांस वाटते, आपल्या उसाच्या सऱ्यांतही राजाचाच कारभार चालू आहे. संशोधन केंद्रांच्या प्रयोगांत ठिबकाने साधारण ४० ते ५० टक्के पाणी वाचल्याचे आढळले आहे. ज्याला ठिबक आज जमत नाही, त्याने निदान वाफसा पाहून पाणी द्यावे. त्याला तर दमडीही लागत नाही.

पाचट पेटते तेव्हा काय जळते?

“राख हे खतच की!” असे पाचट पेटवणारा म्हणतो. यात निम्मे खरे आहे म्हणूनच ही समजूत टिकली आहे. राखेत पालाश आणि स्फुरद बरेचसे राहते, वाऱ्याने उडाले नाही तर. पण नत्र धुरावाटे जाते आणि सेंद्रिय कर्बही जातो. एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र सुमारे ०.५ टक्के, स्फुरद ०.२ टक्के, पालाश ०.७५ ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. आता एकराचा हिशेब मांडा. ४ टन पाचट धरले तर २० किलो नत्र झाले, म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी. आणि कर्ब तर कोणत्याच दुकानात गोणीने मिळत नाही.

“ठेवलं तर फुटवा दबतोय, उंदीर होतात, पाणी पुढं सरत नाही,” या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्या पाचट तसेच पसरून सोडले तर होतात. बुडख्यावरचे पाचट सरीत ओढावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. हा युरिया पाचट कुजायला मदत करतो. लगेच त्याच महिन्यात खत वाचेल अशी नवी समजूत मात्र करून घेऊ नये. जमीन सावकाश देते, पण देते.

“माझ्या एका खेपेनं काय होतंय?”

ही समजूत सहकाराच्या मुळावर येणारी आहे. तोडणीत बुडखा दोन-तीन इंच वर राहिला, शेंड्याची वाढी मोळीत गेली, तोडलेला ऊस दोन दिवस बांधावर पडला. प्रत्येकजण म्हणतो, एवढ्या मोठ्या कारखान्यात माझी एक ट्रॉली म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी. पण उसात साखर सर्वांत जास्त बुडख्याकडे आणि सर्वांत कमी शेंड्याकडे असते. म्हणजे आपण साखर रानात ठेवतो आणि वाढे गव्हाणीत पाठवतो. शिवाय उंच बुडख्यावरच्या डोळ्यांतून खोडव्याचा फुटवा कमजोर येतो तो वेगळाच. तोडल्यापासून उसातली साखर घटू लागते, म्हणून २४ तासांच्या आत गाळप व्हावे असे सांगतात.

आता रुपयांत पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. हा उतारा एका शेतकऱ्याचा नव्हे, कारखान्याचा सरासरी असतो. १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला ०.१ टक्का म्हणजे ३,४६० रुपये. सहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या सर्व सभासदांचे मिळून दोन कोटी रुपयांच्या वर! हे पैसे कोणी चोरून नेत नाही. ते हजार बांधांवर, हजार बुडख्यांत, ‘माझ्या एकट्याने काय होतंय’ म्हणत आपणच ठेवून येतो.

समजुती कचेरीतही असतात

समजुती फक्त शेतकऱ्याच्याच असतात असे कोणी समजू नये. कारखानदारीतही त्या भरपूर आहेत. ‘टनेज आले की झाले’, ‘सभासदाला सांगून कळत नाही’, ‘कारखाना म्हणजे साखर’. एक टन उसातून साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघते आणि ४ टक्क्यांच्या वर मळी. एके काळी मळीची विल्हेवाट कशी लावायची ही डोकेदुखी होती. आज बगॅसपासून वीज होते, मळीपासून इथेनॉल होते. ज्यांनी ‘हा टाकाऊ माल’ ही समजूत आधी सोडली ते पुढे गेले.

पण एक समजूत सुटली की दुसरी लगेच येऊन बसते. ‘इथेनॉल म्हणजे आता कायमची ददात मिटली’ असे वाटू लागले होते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचा पुरवठा कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि कर्ज काढून उभ्या केलेल्या प्रकल्पांचे हिशेब कोलमडले. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी निर्बंध उठले. सरकारचे धोरण, पाऊस आणि बाजार कायम तसेच राहतील असे धरून धंदा करू नये, हा त्यातला धडा.

समजूत टिकते कशी?

तीन कारणांनी. पहिले, निकाल उशिरा लागतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. तोवर काय केले होते ते कोणाच्या ध्यानात? दुसरे, कमी आले तर दोष द्यायला पाऊस, हुमणी, बेणे, मुकादम असे बरेच जण असतात. तिसरे, शेजारीही तेच करतो. सगळ्यांचे मिळून चुकले की कोणालाच चुकल्यासारखे वाटत नाही.

यावर उपाय काय? भाषणाने समजूत जात नाही, हे आम्ही जाणतो. ती आपल्याच रानात, आपल्याच डोळ्यांपुढे तपासावी लागते. पाच-पाच गुंठ्यांचे दोन तुकडे शेजारी शेजारी धरा. जमीन एक, जात एक, खत एक, तारीख एक. फक्त एकच गोष्ट वेगळी करा. एकात पाचट ठेवा, एकात नको. किंवा एकात वाफशावर पाणी, एकात नेहमीचे. आधी माती तपासून घ्या. वहीत तारखा लिहा. दोन्हीकडचा ऊस वेगळा वजन करा. आणि एका पिकावर निकाल देऊ नका, निदान खोडव्यापर्यंत थांबा. आमचे म्हणणे खोटे ठरले तर तसे आम्हांला कळवा, तेही शिकण्यासारखेच आहे.

हाच नियम कारखान्याच्या कारभारालाही लावा. काट्याबद्दल शंका आहे? चावडीवर कुजबुज करण्यापेक्षा काटा तपासून घ्या. हिशेबाबद्दल शंका आहे? वार्षिक सभेत अहवाल वाचून, उभे राहून विचारा. ‘सगळे सारखेच’ ही समजूत लबाडाच्या सोयीची आणि प्रामाणिक माणसाला खचवणारी असते.

तेव्हा या हंगामात ‘आपल्याकडं असंच असतंय’ हे वाक्य ओठांवर आले, की त्याला फक्त एक शब्द जोडावा: “का?” उत्तर पटले तर ती रीत खुशाल चालू ठेवावी. नाही पटले तर पाच गुंठे बाजूला काढावेत.