किल्ट, ऊन आणि माथ्यावरची सावली

कोणताही वेष प्रथम आपल्या भूमीच्या हवामानाशी जुळवून घेतो व मग परंपरा होतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशातील किल्ट हे याचे उत्तम उदाहरण होय. कमरेभोवती गुंडाळावयाचे, मागील बाजूस निऱ्या घातलेले आणि गुडघ्यापर्यंत येणारे हे चौकड्यांचे लोकरी वस्त्र ओल्या गवतातून आणि पाणथळ माळांतून चालणाऱ्या माणसांनी घडविले. पाय मोकळे राहिल्याने चालण्यास अडथळा होत नसे, आणि लोकरीमुळे कमरेला ऊब मिळे.

आज हा वेष आपली जन्मभूमी सोडून फार दूर गेला आहे. औपचारिक समारंभाच्या किल्टला सुमारे ८ वार कापड लागते. परंतु सहलीला, डोंगर चढावयास किंवा क्रीडामेळ्यास जाताना ४-५ वारांचा हलका किल्ट, साधा सदरा, घोट्यापर्यंत दुमडलेले मोजे आणि मजबूत बूट असा सुटसुटीत पोशाख अनेकजण पसंत करतात. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात तर २००० सालापासून खिसे असलेले सुती किल्ट तयार होऊ लागले. कापड बदलले, घडण बदलली. मात्र या पोशाखासोबत डोक्यावर काय घालावे, हा प्रश्न पुष्कळदा तसाच राहतो आणि उन्हाच्या दिवशी तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

परंपरेतील टोप्या

किल्टसोबत शोभणाऱ्या टोप्यांची परंपरा समृद्ध आहे. गोल, चपटी व मध्यभागी गोंडा असलेली बालमोरल. होडीसारखी निमुळती, घडी घालून ठेवता येणारी व मागे दोन फिती सोडलेली ग्लेनगॅरी. आणि रॉबर्ट बर्न्स या कवीच्या काव्यनायकाचे नाव मिळालेली सैलसर टॅम-ओ-शँटर या त्यांतील प्रमुख होत. सैनिकी थाटाची शहामृगाच्या पिसांची उंच टोपीही प्रसिद्ध आहे.

या सर्वांत एक साम्य आहे. त्यांना सावली देणारा काठ नाही. थंडी, वारा आणि रिमझिम पाऊस यांपासून डोके राखणे हे त्यांचे काम होते व ते त्यांनी चोख बजावले. प्रखर उन्हात मात्र जाड लोकर डोके तापविते, आणि कपाळ, कान व मान उघडीच राहतात. म्हणून ‘किल्ट घातला की परंपरेचीच टोपी हवी’ असा आग्रह उन्हाळ्याच्या दुपारी धरणे शहाणपणाचे नाही.

इतिहासाची साक्ष

हा आग्रह स्वतः हायलँडच्या सैनिकांनाही धरता आला नाही. या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे झालेल्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने ७४ वी व ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी लढल्या. त्यांतील ७४ व्या पलटणीला उभारणीच्या वेळी किल्ट व पिसांची टोपी असा संपूर्ण पोशाख देण्यात आला होता. परंतु हिंदुस्थानच्या हवेला तो मानवत नाही असे आढळल्याने येथे तो बाजूला ठेवावा लागला.

पुढे एकोणिसाव्या शतकात उष्ण देशांतील गोऱ्या सैनिकांसाठी रुंद काठाचे, हलके शिरस्त्राण रूढ झाले. त्याचा एक प्रकार म्हणजे सोला टोपी. ती ज्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यापासून बनत असे, तो गाभा आपल्याकडे भेंड म्हणून परिचित आहे. लग्नातील बाशिंगे व सजावटीची फुले ज्या भेंडाची करतात, तेच साहेबाच्या डोक्यावर सावली धरीत होते. भेंडात हवा कोंडलेली असते व तिच्यातून उष्णता सहजी आत शिरत नाही, हे त्यामागचे साधे शास्त्र होय.

डोक्याची व्यवस्था झाली तरी उन्हाला दुसरी वाट सापडतेच, याची दारुण आठवण दक्षिण आफ्रिकेतील मागर्सफाँटेन येथे मिळते. ११ डिसेंबर १८९९ रोजी, तेथील भर उन्हाळ्यात, हायलँड ब्रिगेडचे सैनिक बोअरांच्या गोळीबारामुळे उघड्या माळावर तासन्‌तास पालथे पडून राहिले. डोक्यावर शिरस्त्राणे होती. पण किल्टखालील पायांची मागची बाजू, विशेषतः गुडघ्यांमागील लवण, उन्हाने इतकी भाजली की फोड येऊन अनेकांना चालणेही कठीण झाले. किल्ट घालणाऱ्याने टोपी निवडताना हे विसरू नये. हा वेष शरीराचे जे भाग उघडे ठेवतो, त्या सर्वांचा विचार एकत्रच करावयास हवा.

गार वाऱ्यातील फसवे ऊन

स्कॉटलंडमध्ये ऊन ते कितीसे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्वचेला इजा करणारे अतिनील किरण उष्णतेवरून ओळखता येत नाहीत. गार वारा वाहत असताना, आकाशात विरळ ढग असतानाही ते पोहोचतात. आणि दर १००० मीटर उंचीला त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असेल तर संरक्षण घ्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. स्कॉटलंडच्या उन्हाळ्यात मध्यान्ही ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय तेथील गोऱ्या, लालसर केसांच्या लोकांची त्वचा लवकर भाजणारी असते.

स्कॉटिश वंशाचे लोक जेथे स्थायिक झाले, तेथे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ऑस्ट्रेलियातील मेरीबरो येथे १८५७ पासून व न्यूझीलंडमधील वाइपू येथे १८७१ पासून हायलँड क्रीडामेळे भरतात आणि दोन्ही ठिकाणी मेळ्याचा दिवस १ जानेवारी हा असतो. दक्षिण गोलार्धात तो भर उन्हाळा! ऑस्ट्रेलियात उन्हाळी निर्देशांक अनेकदा ११ च्या पुढे जातो. तेथील त्वचाकर्करोगाचे प्रमाण जगात अत्यंत वरचे आहे. म्हणूनच ‘सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला’ अशा आशयाची लोकशिक्षणाची मोहीम तेथे १९८१ पासून चालविली गेली, आणि अनेक शाळांनी ‘टोपी नाही, तर मैदानावर खेळ नाही’ असा नियमच केला.

टोपी कशी पारखावी?

पहिला विचार काठाचा. ऑस्ट्रेलियातील कर्करोग परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांच्या टोपीचा काठ चारही बाजूंनी किमान ७.५ सेंटिमीटर असावा. खोल माथ्याच्या, खाली उतरत्या काठाच्या टोपीला ६ सेंटिमीटरही चालतात. केवळ पुढे झडप असलेली क्रिकेटसारखी टोपी नाकाला सावली देते, परंतु कान व मान उघडीच टाकते, आणि नेमक्या याच जागा वर्षानुवर्षांच्या उन्हाचा मारा सोसतात.

दुसरा विचार वस्तूचा. घट्ट विणीचे सुती कापड धुता येते, घाम टिपते व पिशवीत दुमडून ठेवता येते. तागवस्त्र अधिक गार असते, पण लवकर चुरगळते. गवती टोप्यांत पनामाचे नाव मोठे आहे. नाव पनामाचे असले तरी ती मूळची इक्वेडोरची. तोकिया नावाच्या ताडसदृश वनस्पतीच्या तंतूंपासून ती विणतात, आणि या विणकलेला युनेस्कोने २०१२ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. गवती टोपी उजेडाकडे धरून पाहावी. छिद्रांतून प्रकाशाचे कवडसे पडत असतील, तर ऊनही तेथून येणारच. उंची फेल्टच्या टोप्या बहुधा सशाच्या वा बीव्हर या प्राण्याच्या केसांपासून बनवितात. अहिंसेच्या दृष्टीने वस्तू पारखणाऱ्यांनी हे विचारून घ्यावे. सुती, तागाची व गवती टोपी उन्हात तिच्याहून हलकी व गार असल्याने येथे सोय आणि तत्त्व यांत विरोध उरत नाही. काही टोप्यांवर ‘यूपीएफ ५०’ असा उल्लेख असतो. त्या कापडातून अतिनील किरणांचा जास्तीत जास्त पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो असा त्याचा अर्थ.

तिसरा विचार मापाचा. मोजपट्टी कपाळाच्या मध्यावरून व कानांच्या किंचित वरून फिरवून डोक्याचा घेर घ्यावा. टोपी घातल्यावर कडेने एक बोट सहज जाईल इतकी सैल असावी. घट्ट टोपी तासाभरात कपाळ दुखविते. माथा व टोपी यांत थोडी पोकळी, बाजूस हवेसाठी लहान छिद्रे आणि आत घाम टिपणारी सुती पट्टी असली म्हणजे दिवसभर त्रास होत नाही. डोंगरकड्यावरील वाऱ्यात हनुवटीखाली बांधावयाची दोरी तर अत्यावश्यकच.

किल्टशी मेळ

आता शोभेविषयी. चौकड्यांचे वस्त्र मुळातच रंगीत व लक्ष वेधणारे असते. त्यामुळे टोपी एकरंगी ठेवावी आणि तो रंग किल्टमधील एखाद्या शांत छटेतून घ्यावा. उदाहरणार्थ, हिरव्या-निळ्या किल्टवर मातकट किंवा शेवाळी, तांबड्या किल्टवर फिकट तपकिरी. काठाची खालची बाजू गडद असेल तर जमिनीवरून येणारी चमक डोळ्यांना कमी लागते. निऱ्यांमुळे किल्टचा घेर खाली रुंद दिसतो. म्हणून मध्यम रुंदीचा काठ डोक्यावर समतोल साधतो.

कोण काय करणार आहे, यावरही निवड अवलंबून असते. पाठीवर उंच पिशवी घेऊन चालणाऱ्याच्या टोपीचा मागील ताठ काठ पिशवीला टेकून टोपी पुढे ढकलली जाते. त्याने लवचीक काठ निवडावा. बॅगपाइप वाजविणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर वाद्याच्या लांब नळ्या टेकलेल्या असतात; त्याला डावीकडे काठ वर दुमडता येईल अशी टोपी सोयीची पडते, मात्र त्या बाजूच्या कानाची काळजी त्याने वेगळी घ्यावी. उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या माळांवर चावऱ्या चिलटांचे थवे उठतात. तेव्हा काठावरून सोडलेली जाळी चेहऱ्यापासून दूर राहते. काठ नसलेल्या टोपीवर तीच जाळी गालाला चिकटते व चिलटे तिच्यातूनही चावतात. विवाह, संचलन किंवा वाद्यवृंदाचे गणवेश यांना मात्र त्यांच्या ठरलेल्या टोप्याच शोभतात. तेथे सावली मांडवात शोधावी.

टोपी कितीही चांगली असली तरी वाळू, पाणी व खडक यांवरून परावर्तित होणारे किरण ती अडवू शकत नाही. म्हणून नाक, हनुवटी व कानांच्या पाळ्यांना उन्हाचे मलम लावावे; आणि किल्ट घालणाऱ्याने पोटऱ्या व गुडघ्यांमागील लवण यांना ते आठवणीने लावून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. पाणी जवळ असावे, व दुपारची विश्रांती झाडाखाली घ्यावी. बालमोरलची घडी पिशवीत राहू द्यावी. ऊन उतरल्यावर, गार वारा सुटला की ती बाहेर काढावी. त्या वेळी तिच्यासारखी उबदार दुसरी टोपी नाही.